झाडं किती होती ते सांग आधी

वाचकांचे प्रश्न, उत्तरं आपल्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमची

२९ जून म्हणजे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस, सरकारी भाषेत सांख्यिकी दिन, म्हणून मागच्या अंकात संपादकांनी मला न विचारता छापून टाकलं की यावेळी आकडेवारी, डेटा, स्टॅटिस्टिक्स काहीही विचारा, मॅडम उत्तर देतील. झालं. इनबॉक्स फुल. त्यातले 'शेअर मार्केटमध्ये उद्या काय होईल' वाले बाजूला काढले तर हे ५ उरले.

प्रश्न : मॅडम, मी एमएससी स्टॅटिस्टिक्स सेकंड इयरला आहे. थिअरी चांगली आहे माझी, राव-ब्लॅकवेल थिअरम झोपेतून उठवून विचारला तरी सिद्ध करून दाखवीन. पण परवा माझी मावसबहीण आली, ती अ‍ॅग्रीमध्ये पीएचडी करून राहिली, संत्र्याचा डेटा घेऊन आली होती, दोन फवारण्या अन् दोन्हीची १००-१०० फळं, कोणती चांगली सांग म्हणे. मी अर्धा तास नुसती स्क्रीनकडे पाहत बसली. शेवटी दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगानं दिसायची शक्यता) ०.००१ च्या खाली आली, ती खुश होऊन गेली, पण मला आतून काहीतरी खटकून राहिलं. हे कन्सल्टिंग वगैरे शिकायचं कसं? सिलॅबसमध्ये तर कुठे नाही. (मानेवाडा)

उत्तर : खटकलं ना, मग अर्धं काम झालंय. आता बहिणीला फोन लाव आणि एकच विचार, फळं १०० होती ते समजलं, झाडं किती होती?

का विचारते ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे काटोलकडच्या एका बागेतला असाच डेटा आला होता. अंबिया बहाराची फळं, प्रत्येक फळाचा ब्रिक्स, म्हणजे रसाचा गोडवा, रिफ्रॅक्टोमीटरवर मोजलेला, एक्सेल शीट इतकी सुबक की बघत राहावं, २०० ओळी आणि एकही रिकामी नाही. पोरगा घाईत, दारात उभं राहूनच बोलत होता. झाडं किती विचारलं तर म्हणे ८. म्हणजे एका फवारणीला ४ झाडं आणि एकेका झाडाची २५ फळं. आता एकाच झाडाची २५ फळं म्हणजे सख्खी भावंडं झाली, मुळं तीच, माती तीच, पाणी तेच, एक गोड निघालं की बाकीचीही गोडच निघायची. त्यांना २५ वेगळे साक्षीदार धरलं तर एकाच वाड्यातल्या २५ जणांना विचारून अख्ख्या मोहल्ल्याचं मत काढल्यासारखं होतं. हिशोब करून बघ हवं तर. एका झाडावरच्या फळांमधलं साम्य, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन, समजा ०.३ धरलं तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे माहिती किती पटीनं आटते तो आकडा, येतो १ + २४ × ०.३, म्हणजे ८.२. १०० ला ८.२ ने भागलं की १२. फळं मोजली १००, माहिती मिळाली १२ फळांएवढी. टी-टेस्टला दिले १९८ डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वतंत्र माहितीचे तुकडे, हातात होते फक्त ६. मग पी व्हॅल्यू तळाला जाणारच ना.

त्याला म्हटलं प्रत्येक झाडाची सरासरी काढ आणि ४ विरुद्ध ४ अशी तुलना कर, नाहीतर झाडाझाडातला आणि फळाफळातला फरक वेगळा धरणारं मिक्स्ड मॉडेल लाव, त्यात झाड रँडम इफेक्ट म्हणून घे. तो निघालाच होता. चहा यायचा होता म्हणून मी आपलं सहज विचारलं, ती झाडं निवडली कशी रे? तर म्हणे, मॅडम, पंपाचा पाइप विहिरीपासून तेवढाच पुरत होता, म्हणून पहिली फवारणी विहिरीकडच्या ४ झाडांना मारली आणि दुसरी रस्त्याकडच्या ४ ला. घ्या! आता ब्रिक्समधला फरक फवारणीचा की विहिरीच्या ओलाव्याचा, हे कोणतं मॉडेल सांगणार? कोणतंच नाही. प्रयोग आखायचं शास्त्र ज्यांनी उभं केलं ते फिशर १९३८ मध्ये कोलकात्याला पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत बोलले होते, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्रयोग संपल्यावर स्टॅटिस्टिशियनकडे येणं म्हणजे पोस्टमॉर्टेमला येणं, प्रयोग कशानं मेला एवढं तो सांगेल कदाचित. त्या पोराचा प्रयोग पाइपाच्या लांबीनं मेला होता. पुढच्या बहाराला त्यानं तिथंच चिठ्ठ्या टाकून झाडं निवडली, ब्लॉक पाडले, एक विहिरीकडचा आणि एक रस्त्याकडचा, आणि दोन्ही ब्लॉकमध्ये दोन्ही फवारण्या मारल्या. पाइप जोडून घ्यावा लागला तेवढाच काय तो खर्च.

आता शिकायचं कसं. तुला वाटत असेल अजून टेस्ट शिकायला पाहिजेत, तर नाही, टेस्ट तुला येतात. समोरच्याचं काम समजून घ्यायची सवय नाही आपल्या पोरांना. ए. डब्ल्यू. किंबॉल नावाच्या गृहस्थांनी १९५७ मध्ये याच्यावर पेपर लिहिला होता, टाइप वन आणि टाइप टू एरर, म्हणजे नसलेला फरक दिसणं आणि असलेला न दिसणं, तुला पाठच आहेत, त्यांनी तिसरी सांगितली, चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देण्याची. तू बहिणीसाठी तेच केलंस. राग मानू नको, मी पण पहिली २ वर्षं तेच करत होते आणि वर ऐटीत करत होते.

आणि थिअरीवाल्यांनी फळं-माती-हाडं मोजायची नसतात असं कुणी सांगितलं असेल तर तेही डोक्यातून काढ. ज्यांचा थिअरम तू झोपेत सिद्ध करतेस ते सी. आर. राव १९४६ मध्ये केंब्रिजला गेले ते तिथल्या म्युझियममध्ये सुदानच्या जेबेल मोयाला सापडलेल्या सांगाड्यांच्या मापांवर काम करायला. महालनोबिसांचं डिस्टन्स, दोन गट एकमेकांपासून किती लांब ते सांगणारं माप, आलं ते पण कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या अंगाच्या मापांवर काम करता करता. आपले संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे, साताऱ्याकडचे, त्यांनी पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून उत्पादन मोजतात त्यात, दाखवून दिलं की प्लॉट फार छोटा घेतला तर उत्पादन फुगून येतं, कारण मोजणारा माणूस कडेवरचं रोप बाहेर सोडायला तयार नसतो, घेतोच आत. त्यांचं ते लिखाण १९४६ मध्ये छापून आलं. आजही आपल्याकडे पीक विम्याचे आकडे त्याच पीक कापणीवरून निघतात. आता हे टेबलाशी बसून कुणाला सुचलं असतं? बांधावर उभं राहून मोजणाऱ्याचा हात बघितल्याशिवाय नाही दिसत हे.

नागपुरात तर तुला लांब जायची गरजच नाही. वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्था आणि पर्यावरणवाली नीरी, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संस्था, त्याच रोडवर माती सर्वेक्षणवाले, आणि मेडिकल कॉलेज आहेच. तुमच्या नवीन पॅटर्नमध्ये ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, असतो ना, तो सर्टिफिकेटपुरता उरकू नको, अशा एखाद्या ठिकाणी जाऊन बस. पहिला आठवडा लॅपटॉप उघडूच नको. डेटा जो माणूस गोळा करतो त्याच्या मागे मागे फिर. तो वहीत काय खोडतो ते बघ.

प्रश्न : नमस्कार. मी रेसिडेंट डॉक्टर आहे, थीसिस सबमिशनला ३ आठवडे राहिलेत. पेशंटची उपाशीपोटीची शुगर डाएट प्लॅनच्या आधी आणि ८ आठवड्यांनी घेतली. टी-टेस्ट केली तर काहीच सिग्निफिकंट येत नाही आणि गाइड म्हणतात पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली पाहिजे. पहिल्या ५ पेशंटचे आकडे देते. आधी १८२, २१०, १६५, २४०, १९८. नंतर १७६, २०१, १६०, २३०, १९१. काही करता येईल का? (नागपूर)

उत्तर : डॉक्टर, 'काही करता येईल का' हा प्रश्न मला आवडत नाही, पण तुमच्या बाबतीत खरंच करता येईल, कारण चुकलंय ते टेस्ट निवडण्यात. या ५ जणांचाच हिशोब मी हातानं केला, तुम्हीही कागद घ्या. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही आधीचा एक ग्रुप आणि नंतरचा दुसरा ग्रुप असं दिलंय, जणू १० वेगवेगळे पेशंट आहेत. सरासरी १९९ आणि १९१.६, फरक ७.४, पण कुणाची शुगर १६५ आणि कुणाची २४०, त्या चढउतारात तो ७.४ बुडून गेला, टी आला ०.४ च्या आसपास आणि पी ०.६८. आता तेच आकडे जोडीनं बघा. १८२ चा १७६ झाला, फरक ६. मग ९, ५, १०, ७. पाचही जणांची कमीच झाली आणि जवळपास सारखीच. फरकाचं स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे चढउतार, फक्त २.१. टी येतो ८, पी ०.००१ च्या जवळ. यालाच पेअर्ड टेस्ट म्हणतात. पेशंट स्वतःच स्वतःचा कंट्रोल, तुलना त्याची त्याच्याशीच.

पेढे वाटायला जाऊ नका मात्र, ३ गोष्टी विचारायच्या राहिल्यात माझ्या. शुगर लॅबमधून केली की ग्लुकोमीटरवर? कारण ग्लुकोमीटरला १०० च्या वरच्या रीडिंगला १५ टक्के इकडेतिकडे चालतं असं आयएसओचं स्टँडर्डच आहे, २०० ला १५ टक्के म्हणजे ३०, आणि तुमचा फरक ७. दुसरं, हे पेशंट घेतले कसे? शुगर जास्त आली म्हणूनच घेतले असतील तर दुसऱ्यांदा मोजल्यावर ती थोडी खाली यायचीच, डाएट करो न करो. गॉल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला हे १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत दिसलं होतं, फार उंच आईबापांची मुलं त्यांच्यापेक्षा थोडी बुटकी, रिग्रेशन हा शब्द तिथलाच. तुमच्याकडे डाएट न दिलेला ग्रुप नाही, म्हणून हे डाएटमुळेच झालं असं थीसिसमध्ये लिहू नका, लिहाल तर व्हायव्हामध्ये कुणीतरी धरेलच. आणि तिसरं मला नाही तुम्हालाच माहीत असणार, १९९ वरून १९२ झाल्यानं तुमच्या ओपीडीत एखाद्या पेशंटची गोळी बदलेल का? बदलणार नसेल तर सरळ तसं लिहा की फरक सापडला, छोटा आहे, इतका ते इतका असा कॉन्फिडन्स इंटरव्हल. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ मध्ये निवेदनच काढलं होतं की नुसत्या पी व्हॅल्यूवरून निष्कर्ष काढू नका आणि परिणाम किती मोठा हे ती सांगत नाही. गाइडसमोर ते ठेवा. माझं नाव नका सांगू.

प्रश्न : मुलाला डेटा अ‍ॅनालिसिस शिकायचं आहे. आर शिकावं की पायथन की एसपीएसएस? क्लासवाला सगळ्याचं मिळून पॅकेज देतो म्हणे. (वाचक, महाल)

उत्तर : आर आणि पायथन दोन्ही फुकट आहेत, एसपीएसएसचं लायसन्स महाग पडतं. कोणतंही एक घ्या आणि ते नीट येऊ द्या, दुसरं महिन्याभरात येतं. स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी असेल तर मी आर म्हणेन, ते बनवलंच मुळी ऑकलंडच्या दोन स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकांनी. पॅकेजचे पैसे वाचवा.

त्यापेक्षा मुलाला एकदा खऱ्या हॉस्पिटलची नाहीतर ग्रामपंचायतीची एक्सेल शीट उघडून द्या. लिंगाच्या रकान्यात एम, मेल, पुरुष आणि कुठेतरी नुसती टिकली. वयात '४५ वर्षे' असं अक्षरी, त्यामुळे बेरीज होत नाही. हिमोग्लोबिन ११.२ च्या जागी ११२, कारण टिंब राहिलं. जिथे माहिती नाही तिथे ९९९ आणि पुढचा माणूस त्याचीच सरासरी काढून मोकळा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे लिहिणारालाच ठाऊक. एक्सेल तर आपल्या मनानं तारखा करतं, जनुकांची नावं मार्च-वन, सेप्ट-टू अशी होती, त्यांच्या तारखा होऊन जायच्या, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या कमिटीनं नावंच बदलली. शास्त्रज्ञ थकले, एक्सेल तेव्हा नाही बदललं, ही सवय बंद करायची सोय त्यात आली ती २०२३ मध्ये. मुलाला ही साफसफाई करताना कंटाळा येतो की मजा येते ते बघा, मग क्लासचं ठरवा.

प्रश्न : एमएससी झाली, आता थीसिसवाल्यांचं स्टॅट्सचं काम घेतो. लोक म्हणतात ५ हजारात टेबल, ग्राफ, रिझल्टचा चॅप्टर सगळं लिहून दे. घ्यावं का बे हे काम? म्हणजे मॅडम, सॉरी, सवय आहे. (धरमपेठ)

उत्तर : बे चालेल, नागपूरच आहे. टेबल-ग्राफ कर, समजावून सांग, पैसे घे, त्यात लाज कसली. चॅप्टर लिहू नको. तो लिहिलास की तो तुझा थीसिस झाला आणि डिग्री त्याची, आणि व्हायव्हात त्याला स्वतःच्याच टेबलाचा अर्थ विचारला की तो तुझ्याकडे बोट दाखवेल. पैसे बैठकीवर घे, रिझल्टवर कधीच नको, म्हणजे सिग्निफिकंट नाही आलं तर पैसे परत मागायला कुणी येत नाही. आणि काय ठरलं ते बैठक झाल्याबरोबर ४ ओळीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेव, डेटा कुणाचा, प्रश्न काय, तू काय करणार, काय करणार नाही. मी हे केलं नव्हतं म्हणून एकदा माझ्यावर आलं होतं की मॅडमनीच ते १२ पेशंट गाळायला सांगितले. मी नव्हतं सांगितलं. पण लिहिलेलं कुठेच नव्हतं.

प्रश्न : मी नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. आमच्याकडे पोरांसाठी असं छोटं कन्सल्टिंग सेंटर काढायचं मनात आहे. फंड नाही, खोली आहे. कुठून सुरुवात करू? (प्राध्यापिका)

उत्तर : खोली आहे म्हणजे सगळंच आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञ स्नेडेकरांनी १९३३ मध्ये स्टॅटिस्टिकल लॅबोरेटरी काढली, मुख्य गिऱ्हाईक कोण तर शेतीचे संशोधक, म्हणजे आपल्यासारखंच, मका काढा कापूस घाला. आम्ही कॉलेजात सुरू केलं तेव्हा एक टेबल आणि दर बुधवारची दुपार एवढंच होतं. २ पोरं बसायची, एक बोलणार, दुसरा फक्त लिहिणार, आणि पहिली १५ मिनिटं कुणी टेस्टचं नावसुद्धा काढायचं नाही असा नियम, काढलं तर त्याच्याकडून समोसे. पहिल्या महिन्यात माझं वजन वाढलं. आलेल्या माणसाचा प्रश्न पोरांनी आपल्या शब्दात त्यालाच परत सांगायचा आणि तो 'हो, हेच' म्हणाला तरच पुढे जायचं. बऱ्याचदा तो 'नाही नाही, तसं नाही' म्हणतो, आणि मग जे बोलतो ते त्यानं आधी कुठेच सांगितलेलं नसतं.

गिऱ्हाईक मोठं शोधू नका. आमचा पहिला माणूस कॅन्टीनवाला होता. त्याचा प्रश्न, रात्री हरभरे किती भिजवायचे, कारण पोह्यांवरच्या तर्रीसाठी ते आदल्या रात्रीच भिजवावे लागतात, सकाळी पोरं जास्त आली म्हणून ऐनवेळी काही करता येत नाही. माझ्या पोरांनी लगेच महिन्याची सरासरी काढली, दिवसाला अमुक प्लेटा, तेवढे भिजवा. तो हसला. मग पोरांनी त्याला एका प्लेटमागचा फायदा-तोटा विचारला. तेव्हाचे त्याचे आकडे असे, प्लेट विकली तर १८ रुपये सुटायचे, उरली तर १२ रुपये पाण्यात जायचे. म्हणजे कमी पडण्याचं दुःख उरण्यापेक्षा मोठं, तर सरासरीवर कशाला थांबायचं, १८ भागिले ३०, ०.६, म्हणजे १० पैकी ६ दिवस पुरेल इतकं भिजवायचं. पोरं खुश, मी पण खुश, फळ्यावर लिहून वगैरे दाखवलं आम्ही.

तेवढ्यात जी पोरगी नुसती लिहायला बसली होती तिनं विचारलं, काका, तुम्ही प्लेटा मोजता त्या खपलेल्या ना? मग ज्या दिवशी पोहे संपून जातात त्या दिवशी परत गेलेले लोक कुठे मोजले? सगळे गप्प. त्या दिवशीचा आकडा मागणीचा नव्हताच, पातेल्याचा होता. म्हणजे आमचे १० पैकी ६ दिवस पण कमीच निघाले होते. काका म्हणाले, लोक नाही मोजले बाई, पण संपले किती वाजता ते लिहितो मी, घरी फोन करायचा असतो म्हणून. आणि उठून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं, प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक, सव्वानऊ, पावणेदहा, साडेनऊ, मधे एका सोमवारी नुसतं 'उरले'.